गुहागरकडच्या घराची डागडुजी: घरातली हवा चांगली राहावी म्हणून काय वापरावं?

पागोळी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक आहे, धागा पहिलाच, सांभाळून घ्या.
गुहागर तालुक्यात आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. मंगलोरी कौलं, पुढे ओटी-पडवी, मध्ये माजघर, मागे न्हाणी. आई बाराही महिने तिथेच असते, वय ७१, दमा आहे, इन्हेलर चालू. आम्ही डोंबिवलीला. भिंतींचा गिलावा पोपडे धरून सुटलाय, म्हणून या जानेवारीत काम काढायचं ठरलंय. ठेकेदार म्हणतो आतून पीव्हीसीचे पॅनल मारून टाकू, ओल दिसणारच नाही. वर पीओपीचं सिलिंग, आईच्या खोलीत भिंतभर प्लायचं कपाट, आणि बाहेरून ते रबरासारखा थर धरणारं पेंट.
माझ्या मनात धाकधूक अशी की भावाने मागच्या वर्षी रत्नागिरीत फ्लॅट घेतला, सगळं फर्निचर नवीन केलं, तर दोन महिने कपाट उघडलं की डोळ्यांत पाणी. त्याचा मुलगा सकाळी उठला की शिंका सुरू. तिथे आईला चार दिवस ठेवलं तर तिसऱ्या रात्री नेब्युलायझर लावायला लागला. तर आईच्या घराला असं काय वापरावं की हवा बिघडणार नाही? बजेट बेताचं आहे. कोणी केलं असेल तर सांगा प्लीज.

रातांबा
पॅनल मारू नका. पॅनल मारू नका. पॅनल मारू नका. बाकीचं जेवून येऊन लिहितो.

चाकरमानी_दादरवाला
अहो काहीच करू नका, शेणाने सारवलेली जमीन, चुन्याच्या भिंती, वर कौलं, आपले आजे-पणजे शंभरी गाठत होते ते काय उगाच? सिमेंट आलं आणि घराचं वाटोळं झालं. मे महिन्यात आमच्या घरी झोपतो तेव्हा एसी नको की पंखा नको.

काजूबी
@चाकरमानी, भाऊ तुम्ही मे महिन्यात येता, आम्ही जुलैत राहतो. सारवलेली जमीन छान असते हो, पण दर आठ दिवसांनी सारवणारे हात कुणाचे? माझ्या सासूबाईंचे गुडघे त्यात गेले. पावसात भुई ओल धरते, चटई उचलली की खालून पांढरी बुरशी. ७१ वर्षांच्या दमेकरी बाईला सारवायला लावणार का तुम्ही?

चाकरमानी_दादरवाला
मी आपलं एक मत मांडलं.

काजूबी
मी पण आपलं एकच मांडलं :)

रातांबा
जेवलो. मी सिव्हिलवाला, बावीस वर्षं राजापूर-लांजा पट्ट्यात कामं करतोय. पॅनलचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका घरात बोलावलं, तक्रार काय तर खोलीत वास येतो, उंदीर मेला असेल म्हणून सगळं शोधून झालं. भिंतीला संगमरवरासारखी दिसणारी पीव्हीसीची पट्टी, मस्त चकचकीत. कोपऱ्यातली एक पट्टी पटाशीने ओढली तर मागची पाठ काळी कुळकुळीत, हात लावला तर मऊ लागली, मांजराच्या अंगासारखी. लाकडी पट्ट्यांना खिळे मारले होते त्या पट्ट्या बोटाने कुस्करल्या जात होत्या. भिंत वरपासून खालपर्यंत ओली, आणि त्या ओलीला बाहेर जायला कुठे वाटच नाही. त्या खोलीत दोन पोरं झोपत होती.
ओल झाकली की ती जात नाही, मागे बसून बुरशी वाढवते. आणि दम्याला बुरशीइतकं वाईट दुसरं फार कमी. प्लायच्या वासाचं नंतर बघू, कोकणात पहिला शत्रू ओल. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आपल्याकडे, हे पुण्याच्या इंटिरियरवाल्याला कोण सांगणार.
आधी ओल येते कुठून ते शोधा. वरून (कौल फुटलंय, पन्हळ तुंबलीय), बाजूने (पश्चिमेची झड), की खालून (जोत्यातून वर चढतेय). तिन्हीला औषध वेगळं. पेंट हे तिन्हीला औषध नाही.

तिरफळ
आमच्याकडे (मालवणाजवळ) अजून पश्चिमेच्या भिंतीक माडाची चुडता (विणलेल्यो झावळ्यो) बांधतत पावसाच्या आधी. बघूक गावठी दिसता पण भिंत कोरडी रवता. फुकटचा काम असा, माड आसत तर. लोक आता निळी ताडपत्री लावतत, ती आवाज करता रात्रभर, म्हाताऱ्या माणसांक झोप लागणा नाय.

पागोळी
@रातांबा, ओल दोन ठिकाणी आहे. पश्चिमेच्या भिंतीला अख्खी, आणि माजघराच्या भिंतीला जमिनीपासून साधारण हातभर. त्या हातभर पट्ट्यात पांढरी पावडर येते, झाडली की परत येते.

रातांबा
ती पावडर म्हणजे मीठ. खार फुटलाय. तुमच्या घराचा गिलावा कधीचा? जुना असेल तर त्या काळात खाडीची वाळू न धुता वापरलेली असणार, सर्रास चालायचं. मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून तो पट्टा मे महिन्यातही गार लागत असेल. तो सिमेंटचा गिलावा चिऱ्यापर्यंत खरवडून काढा, सांधे मोकळे करा, आणि भिंत निदान महिना-दीड महिना तशीच उघडी वाळू द्या. जानेवारी-फेब्रुवारी याला उत्तम. लोकांना घाई असते, ओल्यावरच नवीन गिलावा मारतात आणि मग गवंड्याला शिव्या. आणि मागच्या अंगणाची माती जोत्याच्या वर चढलीय का ते बघा. दर वर्षी कोणीतरी बागेची माती तिथे ढकलतं आणि जोतं बुडतं.

ओल्या_काजूची_उसळ
रातांबाकाका, मग चुन्याचा गिलावा करायचा का? सगळीकडे वाचते की चुना श्वास घेतो वगैरे. खरं की फॅशन?

रातांबा
थोडं खरं, थोडी फॅशन. चुन्यातून वाफ आरपार जाते, भिंत वाळत राहते. शिवाय चुना जहाल अल्कली, त्यावर बुरशीला सुरुवातीला तरी धरायला जमत नाही. घट्ट होताना तो हवेतला कार्बन डायॉक्साइड परत ओढून पुन्हा चुनखडी होतो, म्हणून त्याला वेळ लागतो, आणि वेळच कुणाकडे नाही. चांगला चुना भिजवून मुरवायला लागतो, जुने लोक घाणीवर मळायचे, हिरड्याचं पाणी, गूळ घालायचे. आज असा गवंडी शोधायचा तर दोन तालुके फिरावे लागतील. आणि चुना म्हणजे काही चंदन नव्हे, डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं, काम चालू असताना आईला तिथे ठेवू नका.
अख्खं घर चुन्यात करायचा हट्ट नको. खार फुटलेल्या आणि पश्चिमेच्या भिंतींना आतून चुना, बाकीच्या कोरड्या भिंतींचा गिलावा धड असेल तर हात लावू नका.

उंडीचं_तेल
आजोबा शिंपल्यांचा चुना भाजायचे खाडीकाठी. भट्टीच्या जवळ आम्हाला फिरकू द्यायचे नाहीत. भिंतीला चुनकाम करताना त्यात डिंक आणि चिमटीभर नीळ, डिंक नसला की शाळेचा शर्ट पाठीला पांढरा. एवढंच आठवलं म्हणून लिहिलं, उपयोगाचं काही नाही.

भरतीओहोटी
उपयोगाचं कसं नाही, चुनकामाला रंगासारखा वासच नाही हा मुद्दा आहेच की. पण ऑइलपेंटबद्दल सांगा कोणीतरी. आमच्याकडे दारं-खिडक्या दर गणपतीला ऑइलपेंट, आणि मग पाहुणे त्याच वासात मोदक खातात.

प्रयोगशाळेतली
मी लिहू का? केमिस्ट्री शिकवते, चिपळूणला.
ऑइलपेंटचा वास म्हणजे त्यातलं टर्पेंटाइन आणि बाकी पातळ करणारी द्रव्यं उडत असतात, त्यांना व्हीओसी म्हणतात. भिंतीला आणि शक्यतो दारांनाही पाण्यात मिसळणारा रंग घ्यावा, डब्यावर व्हीओसीचा आकडा दिलेला असला तर तो वाचावा. 'वास नाही' म्हणजे 'काही नाही' असं मात्र नसतं, कधी कधी नुसता सुगंध घातलेला असतो.
दुसरं म्हणजे शिसं. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० आहे. पण जुन्या दारांवर जे थरावर थर आहेत ते त्याआधीचे. ते कोरडे घासले की शिशाची धूळ घरभर. पागोळीताई, जुन्या दारांना पॉलिशपेपर मारायचा तर ओला करून, अंगणात, आणि लहान मुलं लांब.
आता तुमच्या भावाच्या कपाटाचं. प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड हे सगळं चिकटवलेलं असतं, आणि स्वस्त मालात तो गोंद युरिया फॉर्माल्डिहाइडचा. त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटत राहतं, उष्णता आणि दमटपणा वाढला की जास्त, म्हणजे आपल्या हवेत तर विचारूच नका. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं त्यानेच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा हवेच्या एका घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, तीही अर्ध्या तासाच्या सरासरीवर. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. घाबरवायला नाही सांगत, कपाट एक असेल आणि खोली उघडी असेल तर आकडा वेगळा, आणि दहा बाय दहाच्या बंद खोलीत तीन भिंतींना कपाटं असतील तर वेगळा.
घ्यायचंच तर आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, त्यातला गोंद फिनॉलचा, तो पाण्यात टिकतो आणि कमी सोडतो. नाहीतर ई-वन किंवा ई-झिरो लिहिलेलं, म्हणजे फॉर्माल्डिहाइड कमी सोडणारं. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, सगळ्यात जास्त तिथूनच सुटतं, सुतार आतल्या बाजू आणि मागची पाठ तशीच सोडून देतो.

चाकरमानी_दादरवाला
मॅडम छान माहिती. पण शिक्का बघून घेतलेला प्लाय पण खोटा निघतो, माझा निघाला. वर ७१० छापलेलं, दोन पावसाळ्यांत पदर सुटले पुरणपोळीसारखे.

काजूबी
पुरणपोळीला कशाला नावं ठेवता.

माणगा_बांबू
प्लायच कशाला? घरचा फणस असेल तर कापून ठेवा, सावलीत वाळवा, त्याचं कपाट करा. शिवण, ऐन, किंजळ, आंबा स्वस्तातला. आंब्याला भुंगा लागतो म्हणून आतल्या कामाला तो नको. आणि बांबू आहे की. बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवलेला बांबू किडत नाही, माणसालाही त्रास नाही. कुडाळला कॉनबॅक या बांबूच्या केंद्रात जाऊन बघा काय काय करतात ते. मी माझ्या खोलीचं सिलिंग बांबूच्या चटईचं केलंय, पीओपी नाही, वरची कौलं श्वास घेतात, उंदीर दिसतो तरी निदान.

भरतीओहोटी
उंदीर दिसतो हा फायदा म्हणून सांगितलेला पहिला माणूस.

माणगा_बांबू
पीओपीच्या वर फिरतो तेव्हा दिसत नाही, नुसता ऐकू येतो. कुठलं बरं?

खाडीपलीकडे
लाकडाला वाळवी लागू नये म्हणून आमच्याकडे काजूच्या टरफलाचं काळं तेल लावतात, होड्यांना लावायचे तसं. घरात लावू का?

प्रयोगशाळेतली
बाहेरच्या खांबांना, गोठ्याला लावा. आत नको, वास राहतो, आणि कच्चं तेल कातडीला लागलं तर फोड येतात, काजू फोडणाऱ्या बायकांचे हात बघा. आत साधं अळशीचं उकळलेलं तेल पुष्कळ.
वाळवीचा विषय निघालाच तर, जमिनीत क्लोरपायरीफॉस ओततात ते कीटकनाशक आहे हे विसरू नका. पाया घालताना मातीत ओतणं वेगळं आणि आई झोपते त्या खोलीच्या चौकटीला भोकं पाडून पंप मारणं वेगळं.

रोपवाटिका
स्नेक प्लांट, मनी प्लांट ठेवा खोलीत. हवा शुद्ध होते, नासाने सिद्ध केलंय.

प्रयोगशाळेतली
नासाचा तो प्रयोग १९८९ चा, बंद पेटीत केलेला. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला गेला, त्यात निघालं की खिडकीतून जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायला जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० कुंड्या लागतील.

काजूबी
म्हणजे पोफळीच्या बागेतच खाट टाकायची. डास फुकट.

भरतीओहोटी
डासांवरून आठवलं. आमचे बाबा रात्री दारं-खिडक्या लावून कॉइल पेटवतात. त्याचं काय?

प्रयोगशाळेतली
एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगरेटींइतके भरतात असं २००३ मध्ये मोजलंय. मच्छरदाणी लावा बाबांना.

भरतीओहोटी
बाबांनी १९९४ साली सिगरेट सोडली, आईला त्याचा कोण अभिमान. आता हे तिला कसं सांगू.

तिरफळ
मी एक विचारू? पागोळीताई, तुमची आई आंघोळीचा पाणी कशावर तापवता?

पागोळी
चुलीवर. न्हाणीतली चूल, तांब्याचं तपेलं. गॅस आहे घरात, पण पाणी चुलीचंच हवं, गॅसच्या पाण्याने अंग दुखतं म्हणते. का?

तिरफळ
न्हाणी आईच्या खोलयेक लागून असा काय? आणि जाळता काय?

पागोळी
हो, लागूनच. मध्ये एक दार, ते बंद होत नाही नीट. जाळते नारळाची सोडणं, झावळ्या, कधी शेजाऱ्यांकडची काजूची टरफलं. पावसात सोडणं ओली असतात, मग फुंकणी घेऊन बसते...
आत्ता लिहिताना लक्षात आलं. मी इथे ई-वन आणि ई-झिरो विचारत बसलेय.

तिरफळ
तांच तर म्हणतंय. माझ्या आवशीक पण दमो होतो. डॉक्टरान औषधा बदलली तीन वेळा. मगे चूल उचलून मांगरात नेली, तेव्हा जरा बरा वाटला तिका. रंग खंयचो लावलो होतो माका आठवणत पण नाय.

रातांबा
तिरफळ एकदम बरोबर. इतका वेळ मी भिंतीबद्दल बोलतोय आणि चूल विचारायचं सुचलं नाही. काजूची टरफलं आतल्या चुलीत तर अजिबात नको, तो धूर डोळ्यांना झोंबतो तसाच छातीतही जातो. न्हाणीला धुराडं करा, कौलांच्या वर हातभर जाऊ दे, किंवा चूल परसात न्या. मधलं दार सुताराकडून नीट बसवून घ्या, फणसाचा विषय चाललाच आहे तर.
आणि मागच्या पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे असले तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात. ग्राइंडरने कापायचे नाहीत, फोडायचे नाहीत. पाणी मारून ओले करा, नटबोल्ट काढून अख्खे उतरवा.

चाकरमानी_दादरवाला
मी डिह्युमिडिफायर घेतलाय गावच्या घराला. दिवसाला बादली भरते.

काजूबी
आमच्याकडे जुलैत लाईट तीन-तीन दिवस नसते. बादली मात्र कौलातून पण भरते.

पागोळी
(धागा वर काढतेय, जुलै संपत आला.)
सगळ्यांचे आभार, आणि उशिरा लिहितेय त्याबद्दल सॉरी. काय झालं ते सांगते.
ठेकेदाराला पॅनल नको म्हटलं तर तो रुसला, दुसरा बघायला लागला. माजघराच्या भिंतीचा गिलावा काढला, मागे जोत्याला खरंच दीड फूट माती लागली होती, आणि ती मीच दरवर्षी अबोलीच्या वाफ्यासाठी तिथे टाकायला सांगत होते. माती काढली, भिंत जानेवारी-फेब्रुवारी उघडी ठेवली, मग त्या दोनच भिंतींना चुना. चुन्याचं काम करणारा गवंडी दापोलीच्या बाजूचा मिळाला, साठीच्या पुढचा माणूस, चुना मुरायला टाकला तर पंधरा दिवस फिरकलाच नाही, मला वाटलं गेला पळून. पश्चिमेला चुडतं. पीओपी नाही, प्लाय नाही. कपाट आत्याकडचं जुनं सागाचं आणलं, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवलंय.
चुलीवरून मात्र महाभारत झालं. आई म्हणाली मी मेल्यावर हलवा. शेवटी चूल परसातल्या पत्र्याखाली गेली आणि तिथे तिला बसायला कट्टा करून दिला, तेव्हा कुठे मान्य झालं. आता सकाळी शेजारच्या काकू तिथेच येऊन बसतात, पाणी उकळून आटतं तरी गप्पा चालू.
मागच्या आठवड्यात गेले होते. चुन्याच्या भिंतीला हात लावला, गार आहे पण ओली नाही. दुसऱ्या खोलीत जुन्या ट्रंकेमागे बुरशी आहेच, तिथे गिलावा बदलला नव्हता. आईचा इन्हेलर चालूच आहे, पण जून-जुलैत नेब्युलायझर एकदाच काढला. मागच्या वर्षी किती वेळा ते मोजलं नव्हतं, त्यामुळे आकडा विचारू नका.

प्रयोगशाळेतली
मस्त! ट्रंकेमागची बुरशी कोरड्या फडक्याने झाडू नका, ओल्या साबणाच्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क.

उंडीचं_तेल
चुनकामात नीळ घातली का?

पागोळी
घातली. जरा जास्तच. माजघर आकाशी झालंय.

भरतीओहोटी
त्या दापोलीवाल्या गवंड्याचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा ना. आणि बाबांना मच्छरदाणी आणली, आत बसून कॉइल लावू का विचारत होते.

पागोळी
व्यनि केलाय. पण तो म्हणालाय गणपती जाईपर्यंत कोणी फोन करायचा नाही.